मधली खुर्ची

सुप्रभाचं वर्षश्राद्ध तिथीप्रमाणे पुण्यात होऊन गेलं होतं. अनुराग त्यासाठी रजा काढून चार दिवस जाऊन आला होता. पण तारखेलाही आईची आठवण म्हणून एक जेवण व्हावं, आणि ते मामीच्या हातच्या खीर-वड्यांचं असावं, असं त्याने उरायासूहून फोन करून सांगितलं, आणि सिंधूताईंना नाही म्हणायला जागाच उरली नाही. तीन महिन्यांच्या व्हिसावर जपानला मुलाकडे आलेल्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला रविवारी दुसरं काय काम असतं, असं स्वतःशीच म्हणत त्यांनी शनिवारी संध्याकाळी उडदाची डाळ भिजत घातली. गेलेली सुप्रभा ही नुसती नणंद नव्हती. मिरजेच्या शाळेत एका बाकावर बसलेली मैत्रीण होती. तिच्या नावाचे वडे हलकेच व्हायला हवे होते.

वडे हलके झाले, पण घरातली हवा काही हलकी होईना. त्यांचा विवेक आणि नात ईश्वरी, बाप-लेकीत, आठ दिवस अबोला चालला होता. अबोला म्हणजे दोघं बोलत होते, पण सुनेमार्फत, नंदिनीमार्फत. "हिला सांग, दूध संपव," असं विवेक म्हणे, आणि हातभर अंतरावर बसलेली ईश्वरी म्हणे, "पपांना सांग, संपवलं." मधल्यामध्ये नंदिनीचं भरीत झालं होतं.

"आई, उरलेलं तेल सिंकमध्ये ओतू नका हं," नंदिनी स्वयंपाकघरात येऊन म्हणाली. "मी पावडर घालून घट्ट करते, मग कचऱ्यात टाकायचं."

"चौथ्यांदा आलेय गं मी जपानला. दरवेळी पहिल्या दिवशीच सांगतेस तू मला हे."

"दरवेळी तुम्ही ओतता."

सिंधूताईंनी झारा निथळत ठेवला आणि फ्रिजकडे पाहिलं. फ्रिजच्या दारावर चुंबकाने दोन कागद लावले होते, एक गुलाबी, एक पांढरा. दोन्ही सोमवारी, म्हणजे उद्याच, ईश्वरीच्या शाळेत द्यायचे होते. भांडण होतं ते पांढऱ्या कागदावरून.

ईश्वरी इथल्या हायस्कूलच्या दुसऱ्या वर्षाला. शाळा सुटल्यावर संध्याकाळपर्यंत व्हॉलीबॉल. इथे एकदा क्लब धरला की तो निभवायचा असतो, आणि तिने तो चार वर्षं निभवला होता; मे महिन्यात तिची निवड मुख्य सहा जणींत झाली. विवेकने त्या दिवशी ऑफिसातल्या तनाका-सानपासून मिरजेच्या शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांना कळवलं. आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी पोरीने क्लब सोडण्याचा हा पांढरा कागद आणून बापाच्या ताटाशेजारी ठेवला. तिला व्हॉलीबॉल सोडून ओएन्दानमध्ये जायचं होतं. ओएन्दान म्हणजे शाळेचं आरोळ्या देणारं पथक. काळा गणवेश, कपाळाला पट्टी, पांढरे हातमोजे, एक मोठा ढोल. शाळेचा कुठलाही संघ कुठेही खेळो, तिथे ताठ उभं राहून तास-दोन तास ओरडायचं. एका वेळी एकाच क्लबात राहता येतं, असा शाळेचा नियम. आणि सोडायच्या कागदावर पालकाचा शिक्का लागतो.

शिक्का म्हणजे हांको. सही इथे फारशी कोणी विचारत नाही. 'सबनीस' हे आडनाव चार जपानी अक्षरांत कोरलेली करंगळीएवढी काठी विवेकच्या खणात होती, आणि ती खणातून बाहेर यायला तयार नव्हती.

गुलाबी कागदाची मात्र विवेकला घाई होती. शाळेला सत्तर वर्षं झाली म्हणून 'त्या काळातल्या मुलींचे खेळ' असं एक प्रदर्शन भरणार होतं, आणि मुलांच्या आज्यांचे जुने फोटो असतील तर द्या, असं शाळेने कळवलं होतं. विवेकने लगेच आईला मिरजेहून फोटो आणायला लावला होता. बासष्ट साल, जिल्हा खो-खो, मुलींचा विजयी संघ. मधल्या खुर्चीत पंधरा वर्षांच्या सिंधूताई, मांडीवर ढाल. खाली पेंटरच्या अक्षरांत 'कर्णधार'. गुलाबी कागदावर त्याने स्वतःच्या हाताने, शब्दकोश शेजारी घेऊन, जपानीत लिहिलं होतं: आजी, संघाची कप्तान. खाली शिक्काही मारून झाला होता.

फोटो बशांच्या कपाटावर भिंतीला टेकवून ठेवला होता. वडे तळताना सिंधूताईंनी त्याच्याकडे पाठ केली होती.

अनुराग आणि त्याची बायको चारुता साडेबाराला आले. उरायासूहून विवेकच्या कसाई भागात यायला एकच स्टेशन, तरी चारुता आल्या आल्या पंख्याखाली बसली. अनुराग मुंबईच्या एका ट्रेडिंग कंपनीतर्फे तीन वर्षांसाठी आलेला, पंचावन्नाला टेकलेला, कमी बोलणारा माणूस. त्याने मामीला वाकून नमस्कार केला आणि हातातला तांदळाच्या बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा टेबलावर ठेवला. मग त्याचं लक्ष फोटोकडे गेलं.

"अरे, हा आला इथे? लहानपणी मिरजेला गेलो की मी याच्याखालीच झोपायचो," तो म्हणाला. "मामी, या सगळ्या एका बाजूला का बघतायत हो? कॅमेऱ्याकडे एकही बघत नाही."

"फोटोग्राफर देखणा असणार," विवेकने घरातली नेहमीची थट्टा केली.

"फोटोग्राफर कॅमेऱ्यामागेच असतो रे," चारुता म्हणाली, आणि सगळे हसले. सिंधूताई पानं वाढू लागल्या.

सुप्रभाचं पान वेगळं वाढून खिडकीपाशी ठेवलं होतं. खीर तिला पातळ आवडायची म्हणून तशीच केली होती. अनुरागने दोन वडे खाल्ले आणि म्हणाला, "आईला हे सगळं करणं आवडायचं. घर, स्वयंपाक, सण. बाहेरचं काही नाही. टीव्हीवर मॅच लागली की उठून आत जायची. मी क्रिकेट खेळायचो तेव्हा एकदाही ग्राउंडवर आली नाही. तिला मैदानाचं वावडंच होतं."

सिंधूताईंचा हात आमसुलाच्या चटणीत थांबला.

"आमच्याकडे उलटं," विवेक म्हणाला, आणि सगळ्यांना कळलं की गाडी कुठे वळली आहे. "आमच्याकडे आजी कप्तान. आणि नात संघात निवड झाल्यावर म्हणते, मी सोडते. दादा, तूच सांग हिला. माझं ऐकत नाही."

अनुराग अवघडला. मोठा म्हणून त्याला मत द्यावं लागणार होतं. "मध्येच सोडणं बरं दिसत नाही, बाळा," तो म्हणाला. "इथे तर फारच वाईट दिसतं. ऑफिसातही ते बघतात, कोण टिकतं ते."

"आणि ते पॉम-पॉम घेऊन नाचणं ना?" चारुता म्हणाली. "शोभत नाही ते. आपल्यात तरी."

"चिगाऊ, काकू. तसं नाही," ईश्वरी म्हणाली. तिचं मराठी शुद्ध होतं, पण चिडली की पहिला शब्द जपानी येई. "पॉम-पॉम ते वेगळं. चिअर. हे ओएन्दान. नाचायचं नसतं. काळा कोट घालून उन्हात उभं राहायचं असतं. हात खाली आणायचा नाही. मागच्या वर्षी एक सेंपाई, वरच्या वर्गातली, चक्कर येऊन पडली, तरी उठून पुन्हा उभी राहिली."

"अगं बाई," चारुता म्हणाली, आणि तिथल्या तिथे तिचं मत थोडं हललं. "मग हे कवायतीसारखं आहे."

"हो. आणि आता तिघीच उरल्यात. तिघीही तिसऱ्या वर्षाच्या. उन्हाळ्यानंतर त्या जाणार. उद्यापर्यंत नवीन कोणी आलं नाही तर क्लब बंद. प्रदर्शनासाठी आम्ही जुने फोटो लावत होतो ना, त्यात अठ्ठावन्न सालचा आहे. ओएन्दानच्या अकरा मुली. त्यांनीच सुरू केलं होतं ते. आता बंद करणारी मी होऊ का?"

"तू कुठून आलीस त्यात?" विवेक म्हणाला. आठ दिवसांत तो पहिल्यांदाच तिच्याशी थेट बोलला, पण रागाच्या भरात ते कोणाच्या लक्षात आलं नाही. "तू व्हॉलीबॉलची आहेस. चार वर्षं सकाळी साडेपाचला मी तुला उठवलं. शूज, नी-पॅड, ट्रेनिंग कॅम्प. कशासाठी? दुसऱ्या कोणी जिंकावं म्हणून ओरडायला?"

"फेब्रुवारीत माझं बोट दुखावलं होतं, तेव्हा मी बाकावर होते," ईश्वरी हळू म्हणाली. ती ताटाकडे बघत होती. "पपा, मी खेळते तेव्हा मला फक्त बॉल दिसतो. बाहेरून सगळ्या दिसतात. कोण घाबरलीय ते दिसतं. त्या मॅचमध्ये हारुका सर्व्हिस करताना घाबरली होती. मी तिचं नाव घेऊन ओरडले, तीन वेळा, आणि तिचे आखडलेले हात सुटले. मला कळलं की हे मला येतं. खेळण्यापेक्षा जास्त येतं."

"तिचं म्हणणं एकदा नीट ऐक ना, विवेक," नंदिनी म्हणाली. आठ दिवस तिने कुंपणावर काढले होते. आता ती खाली उतरली. "वाईट तर काही करत नाहीये ती."

"म्हणजे आता तूही तिकडे. छान." विवेकने ताट पुढे सारलं. "मी शिक्का मारणार नाही. आणि तूही मारू नकोस, माझ्या पाठीमागे."

"पाठीमागे मारायचा असता तर गेल्या रविवारीच मारला असता. खण उघडाच असतो तुझा."

विवेक उठला, कपाटावरचा फोटो घेऊन आला आणि ताटांच्या मध्ये उभा धरला.

"हे बघ," तो मुलीला म्हणाला. "बासष्ट सालची मिरज. मुलींनी मैदानात उतरायचं म्हणजे काय होतं तेव्हा, ते तुला कळणार नाही. तुझी आजी उतरली. कप्तान झाली. ढाल आणली. त्या वेळीही आरोळ्या देणाऱ्या मुली असतीलच. त्या कुठे आहेत या फोटोत? कुंपणाबाहेर. त्यांचं नाव कोणाला माहीत आहे?"

अठ्ठावन्न वर्षं हा फोटो सिंधूताईंच्या घरात होता. लक्ष्मीकांतांनी, त्यांच्या नवऱ्याने, लग्नानंतर तो स्वतः खिळा ठोकून लावला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला 'आमची ही कप्तान' म्हणून दाखवला होता. मुलगा त्याच अभिमानावर वाढला होता. एवढी वर्षं त्यांनी त्याबद्दल एकही खोटं वाक्य उच्चारलं नव्हतं; फक्त गप्प राहिल्या होत्या, आणि गप्प राहणं त्यांना अंगवळणी पडलं होतं. आणखी दहा मिनिटं गप्प राहिलं असतं तर जेवणं उरकली असती, फोटो शाळेत गेला असता, परत आला असता, आणि त्या कप्तान म्हणूनच मेल्या असत्या. पण पोरीचा कागद अडला असता तो त्यांच्याच ढालीने. आणि खिडकीपाशी सुप्रभाचं पान वाढलेलं होतं.

"विवेक, तो फोटो खाली ठेव," त्या म्हणाल्या. "खीर सांडेल."

त्याने ठेवला.

"त्या कुंपणाबाहेरच्या मुलीचं नाव मला माहीत आहे. मी होते ती."

कोणाला काही कळलं नाही. विवेक हसलासुद्धा. "म्हणजे कप्तान होण्याआधी?"

"मी कप्तान कधीच नव्हते. संघातच नव्हते."

चारुताचा खिरीचा चमचा वाटी आणि तोंड यांच्या मध्ये राहिला. विवेक आईकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू काढायचं राहून गेलं होतं.

"मला पळता येत नव्हतं. दम लागायचा. पण आवाज मोठा होता. म्हणून ड्रिलच्या बाईंनी मला बाहेर उभं केलं. सोबत आणखी पाच-सहा जणी. आमच्याकडे ढोल नव्हता, वनस्पती तुपाचा रिकामा डबा होता आणि लाटणं होतं. मी तो बडवायची आणि ओरडायची. बास, एवढंच माझं."

"मग ही खुर्ची?" नंदिनीने विचारलं.

"खुर्ची सुप्रभाची. कप्तान ती होती."

अनुराग जागचा हलला नाही. सिंधूताई आता त्याच्याकडेच बघून बोलू लागल्या, कारण जे सांगायचं होतं ते त्याचंच होतं.

"तुझे आजोबा, आप्पा, वकील. फार कडक. मुलीने ब्लूमर घालून चारचौघांत पळायचं हे त्यांनी ऐकूनही घेतलं नसतं. सुप्रभा घरी सांगायची की शाळा सुटल्यावर हिंदीच्या परीक्षेचा वर्ग असतो. दोन वर्षं सांगत होती. ती परीक्षा मग तिला खरंच द्यावी लागली, आणि तीत ती नापास झाली. पण पळायची काय, अनुराग. सांगलीला फायनलला आमच्या सगळ्या बाद झाल्या आणि ही एकटी शेवटची तीन मिनिटं पळाली. कोणाच्या हाताला लागली नाही."

"आमची आई," अनुराग म्हणाला. तो विचारतो आहे की नुसतं म्हणतो आहे, ते कळलं नाही.

"तुझी आई. ढाल मिळाली, मग शाळेत फोटो काढायचं ठरलं. फोटो लागणार हॉलमध्ये, आणि आप्पा शाळेच्या कमिटीवर, महिन्याला त्याच हॉलमध्ये बैठकीला यायचे. सुप्रभाच्या तोंडचं पाणी पळालं. तिने मला धरून आणलं, स्वतःचा शर्ट माझ्या अंगात घातला आणि मला मधल्या खुर्चीत बसवलं. ढाल मांडीवर ठेवली. मी म्हटलं, अगं, मी कुठे खेळले? ती म्हणाली, कोणीतरी बसायला हवं, नाहीतर खुर्ची रिकामी दिसेल. पेंटरने रीतीप्रमाणे विचारलं, मध्ये बसलेली कोण? बाईंनी माझं नाव सांगितलं. झालं."

"आणि बाबांना?" विवेकने विचारलं. "बाबा तिचे सख्खे भाऊ ना?"

"ते तेव्हा पुण्याला कॉलेजात. त्यांना हिंदीचा वर्गच माहीत. लग्नानंतर माझ्या ट्रंकेत त्यांना फोटो सापडला, त्यांनी वाचला आणि लावला. पहिल्या दिवाळीला सुप्रभा माहेरी आली, तिने भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी तिला स्वयंपाकघरात ओढून म्हटलं, आता सांगूया. तर म्हणाली, राहू दे, सिंधू. तुझ्याकडे भिंतीवर तरी आहे. माझ्या सासरी माळ्यावर जाईल. चारचौघांत ती मला वहिनी म्हणायची, पण त्या दिवशी सिंधू म्हणाली. मग मी राहू दिलं. आधी तिच्यासाठी. नंतर, खरं सांगते, मला आवडायला लागलं म्हणून."

हे शेवटचं वाक्य बोलायला त्यांना सगळ्यात जड गेलं. ते बोलून झाल्यावर त्या पाणी प्यायल्या.

विवेक उठून गॅलरीत गेला. सहाव्या मजल्यावरून खाली सायकली लावायची जागा आणि समोरच्या इमारतीवर वाळत घातलेल्या गाद्या दिसत होत्या. तो त्या गाद्यांकडे पाठीमागे हात बांधून बघत राहिला. नंदिनी उठणार होती, पण सिंधूताईंनी तिला हाताने बसवलं. तो रागावला होता आणि त्याला तो हक्क होता.

"तिच्या डाव्या गुडघ्यावर व्रण होता," अनुराग म्हणाला. "म्हणायची, विहिरीवर घसरून पडले."

"विहिरीवर नाही रे. खांबाशी. सूर मारला होता तिने, सांगलीलाच. पहिल्या डावात."

अनुरागने मान खाली घातली. चारुताने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"आजी," ईश्वरीने विचारलं, "तू नुसती ओरडायचीस? की काही वेगळं करायचीस?"

हा प्रश्न सिंधूताईंना साठ वर्षांत कोणी विचारला नव्हता. त्यांनी इकडे-तिकडे पाहिलं आणि अनुरागने आणलेला पत्र्याचा डबा जवळ ओढला.

"पळणारीला घड्याळ दिसत नाही. किती वेळ उरला ते तिला कळत नाही. मी पंचांच्या टेबलामागे उभी राहायची, तिथून घड्याळ दिसायचं. तोपर्यंत असं वाजवायची." त्यांनी डब्यावर दोन बोटांनी सावकाश ठेका धरला. "शेवटचं मिनिट लागलं की असं." बोटं दुप्पट वेगाने पडू लागली, डब्यातली बिस्किटं आत खुळखुळली. "म्हणजे सुप्रभाने समजायचं, एवढंच मिनिट तग धर, संपलं. सांगलीला ती नंतर मला म्हणाली, मी पाय टाकत नव्हते, डबा टाकत होता."

ईश्वरीने पटकन डोळे पुसले. तिने आजीचा हात धरून ठेवला, डब्यावरच.

गॅलरीचं दार सरकलं. विवेक आत आला. तो किती ऐकत होता, कोणाला माहीत नव्हतं, पण दार पूर्ण लागलेलं नव्हतं.

"आई, तू मला आधी सांगायला हवं होतंस," तो म्हणाला. "मी सगळीकडे सांगत फिरलो."

"हो," सिंधूताई म्हणाल्या. "सांगायला हवं होतं. माझी चूक आहे."

विवेक फ्रिजकडे गेला आणि त्याने चुंबक बाजूला करून गुलाबी कागद काढला.

"हे तर चुकीचं गेलं असतं," तो नंदिनीला म्हणाला. "दुसरा फॉर्म आहे?"

"नाही. पण दुसरा कशाला?" नंदिनी इथल्या एका विमा कंपनीच्या काउंटरवर अर्धवेळ काम करायची, आणि असे कागद ती रोज हाताळायची. "चुकीच्या शब्दावर दोन आडव्या रेघा मार, आणि रेघांवर तुझा शिक्का. वर बरोबर शब्द लिही. इथे तसंच करतात. पांढरी शाई लावून खोडलेलं घेत नाहीत. चुकलेलं खाली दिसायला लागतं, आणि ज्याने लिहिलं त्यानेच शिक्का मारायला लागतो."

विवेकने खणातून हांको आणला, आणि शाईची छोटी लाल डबी. टेबलाची एक बाजू पुसून घेतली, पट्टी मागितली, आणि 'कप्तान' या शब्दावर दोन सरळ रेघा ओढल्या. त्यांच्यावर शिक्का टेकवला. 'सबनीस' लालबुंद उमटलं. त्याखाली जुना शब्द स्पष्ट वाचता येत होता. सिंधूताई ते बघत होत्या. त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा ते कमी दुखलं.

"आता वर काय लिहू?" त्याने विचारलं.

मग ईश्वरी म्हणाली, "ओएन्दान-चो. पथकाची प्रमुख. तेच होती ना आजी?"

"कसं लिहायचं?"

ती खुर्ची ओढून त्याच्या शेजारी येऊन बसली. दुसऱ्या एका कागदावर तिने चार अक्षरं मोठी काढून दाखवली. दुसरं त्याला जमेना, रेघा फार होत्या. तिने त्याच्या हातावर हात ठेवून एकदा गिरवून घेतलं, तसं लहानपणी त्याने तिचं 'ळ' गिरवून घेतलं होतं. विवेकने चारही अक्षरं सावकाश, एकेक रेघ मोजत, आपल्या आईच्या नावापुढे लिहिली. लिहून झाल्यावर तो त्यांच्याकडे बघत बसला. हांको अजून त्याच्या हातात होता.

"तो दुसरा कागद आण," तो म्हणाला.

ईश्वरी हलली नाही. बहुधा तिचा विश्वास बसला नव्हता. नंदिनीनेच पांढरा कागद काढून त्याच्यापुढे ठेवला.

"मला हे पटलेलं नाही," विवेक मुलीला म्हणाला. "चार वर्षं आहेत ती. मला वाईट वाटणार, आणि मी ते बोलूनही दाखवणार. आणि तुझ्या व्हॉलीबॉलच्या सेन्सेईंना उद्या तू स्वतः भेटून सांगायचंस. नुसता कागद द्यायचा नाही. त्या बाकीच्या पाच जणींनाही सांगायचंस. तोंडावर."

"हाइ," ती म्हणाली. आणि मग, "हो, पपा."

शिक्का थोडा तिरका पडला. ईश्वरीने तो पाहून नाक मुरडलं. चारुताने तेवढ्यात सगळ्यांना विचारून टाकलं की आता खीर कोणाला हवी, आणि तीन वाट्या पुढे आल्या.

अनुरागची वाटी आली नाही. तो फोटो जवळ घेऊन बसला होता, चष्मा कपाळावर चढवून, काच डोळ्यांपाशी धरून. अकरा मुली, पांढरे शर्ट, वेण्या, मांडीवर ढाल घेतलेली त्याची मामी. त्याने पहिल्या रांगेवरून बोट फिरवलं, मग मागच्या रांगेवरून, मग पुन्हा पहिल्या.

"अनुराग, प्रदर्शन झालं की हा तू घेऊन जा," सिंधूताई म्हणाल्या. "तुझ्या घरी लाव. हा तुमचाच आहे."

"पण मामी, यात आई नाहीच आहे," तो म्हणाला. "एवढी खेळली, आणि तिचा एक फोटोही नाही."

सिंधूताई उठून त्याच्या खुर्चीमागे आल्या. फोटोच्या उजव्या कडेला, चौकट संपते तिथे, त्यांनी बोट ठेवलं.

"इथे उभी होती ती. कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी. आम्ही हसावं म्हणून वेडीवाकडी तोंडं करत होती. फोटोग्राफर ओरडून दमला, इकडे बघा, इकडे बघा." त्यांनी बोट आता मुलींवरून फिरवलं, एकेकीच्या चेहऱ्यावर क्षणभर थांबत. "कोणी बघितलं नाही. सगळ्या तुझ्या आईकडे बघतायत."